रिकामा रंधा

बसची रांग सोडून नेली ओल्डरॉइड बाहेर पडली तेव्हा तिच्या मागे उभ्या असलेल्या बाईने डोळे विस्फारून तिच्याकडे पाहिलं. लीड्सची माणसं भर पावसात ताटकळत उभी राहतील, पण मिळालेली जागा अशी कुणी सोडायचं नाही. त्यातून नेली अगदी पुढे होती, आणि तिची बस वळणावर दिसायलाही लागली होती. हातात बाजाराची पिशवी, पिशवीत सॉसेज आणि काकवीचा डबा, डोक्याला बांधलेला रुमाल ओला. बाजूच्या दुकानाची मोडतोड चालली होती, रस्त्याच्या अंगाला फळ्या ठोकल्या होत्या, आणि त्या फळ्यांमागून तो आवाज आला होता. लांब, मऊ, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कुठेही न तुटणारा. थांबला. पुन्हा पहिल्यापासून आला. हा आवाज बाजूने कसा येतोय, तो पायाखालून यायला हवा, एवढंच नेलीच्या मनात आलं आणि पाय आपोआप तिकडे वळले. फळ्यांच्या फटीला डोळा लावून तिने आत पाहिलं. एक धिप्पाड गडी जमिनीवर अंथरायच्या लिनोलियमची गुंडाळी फरफटत नेत होता. त्याने एकदम वर पाहिलं. "काय बाई, कामाला येताय का?" तो म्हणाला. "या की. दुसरं टोक धरायला कुणीतरी हवंच आहे." नेली काहीतरी पुटपुटून मागे फिरली, तोवर बस भरून निघून गेली होती आणि रांगेत तिच्या जागेचं नावनिशाण उरलं नव्हतं. ती सगळ्यांच्या शेवटी जाऊन उभी राहिली. कानशिलं तापली होती. म्हातारीचं डोकं ठिकाणावर नाही असं वाटलं असेल लोकांना. वाटू दे. तिला रडू येत होतं, आणि लिनोलियमच्या गुंडाळीपायी रडू येणं म्हणजे अगदीच कमाल झाली, असं ती स्वतःला बजावत होती.

विल्फ वसंतात गेला होता. कामावर असताना, शिडीच्या खालच्या पायरीवर, छातीत कळ येऊन. त्याचा सोबती क्लिफ सगडन शेजारीच होता. क्लिफ सांगतो, विल्फने हातातली लाकडाची पट्टी आधी भिंतीला नीट टेकवून ठेवली, मग तो बसला. विल्फ तसाच होता. त्याच्यामागे नेलीने जे करायचं ते सगळं रीतसर केलं. काळा कोट घातला, चॅपलमध्ये पुढच्या बाकावर ताठ बसली, आलेल्यांना हॅमचे सँडविच आणि चहा दिला, आणि मग एकेक वस्तू ओलांडत गेली. चष्मा ओलांडला, दाढीचा ब्रश ओलांडला, दाराच्या खुंटीवरची टोपीसुद्धा ओलांडली. आता ऑक्टोबर लागला, आपण बरंच अंतर काटलं, असं तिला वाटायला लागलं होतं. आणि जो आवाज तिने आयुष्यभर मनातून दूषणं देत ऐकला, तोच आज भर रस्त्यात तिला असा गाठून पाडेल, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. कारण त्या आवाजाने तिचा नवरा तिच्यापासून पळवला होता. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात तिला वाटायचं, नवा संसार आहे, घरात फडताळं हवीत, म्हणून तो जेवण झालं की तळघरात उतरतो. फडताळं झाली. चौकटी झाल्या. भिंतींच्या पायाशी नक्षीच्या पट्ट्या बसल्या, इतक्या की घरमालकाने येऊन कौतुक केलं. तरी विल्फ ताटातला शेवटचा घास संपवायचा, "बरं होतं हं," म्हणायचा, आणि खाली जायचा. मूल झालं नाही. त्याबद्दलही दोघं फारसं बोलली नाहीत. तो खाली, ती वर, मध्ये स्वयंपाकघराच्या जमिनीच्या फळ्या. कारखान्यातल्या यंत्रातून वाटेल तशा गोलाईच्या पट्ट्या भराभर निघायला लागल्या, घरांना सपाट दारं बसायला लागली, हाताने नक्षी काढणारे सुतार बोटांवर मोजण्याइतके उरले, तरी खाली विल्फचा रंधा चालूच राहिला.

न पाहता नुसता आवाज वाचायला मात्र नेली शिकली होती. नक्षीचा रंधा लाकडावर मागून पुढे सरळ नेत नाहीत. आधी पट्टीच्या पलीकडच्या टोकाशी आखूड आखूड हात मारायचे, मग जरा अलीकडून, मग आणखी अलीकडून, असं करत करत आवाज वाढत जातो, आणि नक्षी पुरती उतरली की शेवटी या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच लांब हात. तो लांब हात ऐकला की नेली किटली चढवायची. पाणी उकळलं की झाडूच्या दांड्याने फळीवर ठोकायची, आणि विल्फ वर यायचा. हे ठीक होतं, हा धंदा होता. पण काही संध्याकाळी आखूड हात संपायचे, लांब हात यायचा, आणि थांबायचाच नाही. लांब, पुन्हा लांब, पुन्हा लांब. ती किटली खाली उतरवून ठेवायची. आणि सकाळी चूल पेटवायला म्हणून रंध्यातून निघालेल्या लाकडाच्या सुरळ्या आणायला ती टोपली घेऊन खाली उतरायची, तर टोपलीत सुरवातीच्या कामाच्या तेवढ्या मूठभर सुरळ्या. त्या सगळ्या लांब हातांमधून एकही सुरळी निघालेली नसायची. म्हणजे काम नव्हतं. काम नसताना माणूस थंडगार तळघरात का उभा राहतो? वर बायको आहे म्हणून. नेलीने हे उत्तर फार वर्षांपूर्वी काढलं होतं आणि ते कुणाला सांगितलं नव्हतं. विल्फला तर नाहीच. विचारलं आणि त्याने हो म्हटलं तर काय करायचं, हा प्रश्न होता.

बसच्या काचेवरून पाणी वाहत होतं आणि नेली मांडीवरच्या पिशवीवर हात ठेवून बसली होती. त्या एकट्या संध्याकाळी तिच्या परीने तिनेही वसूल केल्या होत्या म्हणा. ती गायची. चॅपलच्या गायकांत ती लग्नाआधीपासून होती, मागच्या ओळीत, आणि मन लावून गायची, ते गायकांचे मास्तर मिस्टर आर्मिटेज यांना सोसलं नाही. एका नाताळाच्या तालमीत सगळ्यांसमोर ते अगदी गोड आवाजात म्हणाले, "मिसेस ओल्डरॉइड, तुम्ही नुसते ओठ हलवलेत तरी चालेल बरं का." कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. त्यानंतर ती कित्येक वर्षं मागच्या ओळीत उभी राहून ओठ हलवत होती, आणि कुणाच्या कानावर आवाज पडेल तिथे तिने तोंड उघडलं नाही. फक्त स्वयंपाकघरात, खाली रंधा चालू असला की, त्याच्या आवाजाआड ती मोकळ्या गळ्याने गायची. बटाटे सोलताना, भांडी घासताना, उंच सूर आला की मान वर करून. खालचा आवाज थांबला की तीही थांबायची, एखाद्या वेळी शब्दाच्या मधोमध, आणि घुटक्यासारखा उरलेला शब्द गिळून टाकायची. विल्फला कधी कळलं नाही. निदान हे एक तरी तिने त्याच्यापासून नीट राखलं होतं.

शनिवारी विल्फचे दोघे सोबती, क्लिफ आणि नॉर्मन, यायचे होते, रंधे निवडायला. सुतार गेला की त्याच्या सोबत्यांनी घरी जाऊन एकेक हत्यार निवडायचं आणि त्या हत्याराच्या पुढच्या तोंडावर, मेलेल्याच्या नावाखाली, आपलं नाव ठोकायचं, ही त्या लोकांची जुनी रीत. विल्फच्या काही रंध्यांवर त्याच्या नावाच्या वर आणखी नावं होती, कुणा कुणाची, झिजून अर्धी उरलेली. उरलेले रंधे क्लिफच्या कारखान्यात जाणार होते. नेलीने हे सगळं आनंदाने कबूल केलं होतं. लाकडाच्या ठोकळ्यांना ती काय करणार? पण गुरुवारी त्या रांगेतून परतल्यावर तिने कोट न काढताच तळघराचा दिवा लावला आणि खालच्या फळ्यांवर ओळीने लावलेल्या रंध्यांकडे पाहत ती पायरीवर बसून राहिली. यातलाच एक. लांब लांब हातांचा तो आवाज यातल्याच एकाचा होता. तो कुणीतरी घेऊन जाईल, त्याच्यावर विल्फच्या खाली आपलं नाव ठोकेल, आणि तो कुठला होता हे नेलीला कधी कळणारही नाही. तिला राग आला. ज्याच्यामुळे आपण इतकी वर्षं वर एकट्या बसलो त्याचं तोंड तरी बघायला मिळालं पाहिजे, असं काहीसं तिच्या मनात होतं. राग होता की आणखी काही, ते तिचं तिलाही नीट सांगता आलं नसतं.

आणि शुक्रवारी तिने घोटाळा केला. पाहुणे येणार म्हटल्यावर दारापुढची पायरी घासून पांढरी करणारी बाई ती, तिला ते काळवंडलेले रंधे बघवेनात. लोक म्हणतील, नेलीने नवऱ्याची हत्यारं कशी ठेवली. तिने एकेक रंधा स्वयंपाकघरात आणला, लाटण्याने ठोकून त्याची पाचर ढिली केली, पातं उपसलं. पाती सगळी भांडी धुण्याच्या पातेल्यात रॉकेलमध्ये बुडवली. ठोकळ्यांना जवसाचं तेल चोळलं. रॉकेलच्या वासाने डोकं उठलं म्हणून पातेलं तळघरात नेलं, तिथली खिडकी उघडली आणि तिला टेकू द्यायला सुताराच्या मेजाखालून एक नक्षीची पट्टी ओढून घेतली. ती पट्टी इतकी गुळगुळीत की हातातून दोनदा निसटली. नेलीने तिला एक शिवी दिली आणि ती खिडकीत ठोकून बसवली. दुपारपर्यंत पाती आरशासारखी लखलखायला लागली, आणि तिने ती पुसून, ज्याच्यात जे बसेल ते, रंध्यांमध्ये परत खोचली. सगळे रंधे स्वयंपाकघरातल्या मेजावर वर्तमानपत्र पसरून उंचीप्रमाणे ओळीत मांडले. छान दिसत होते. विल्फ असताना आपण यांना कधी हात लावला नाही, हे तिला तेव्हा आठवलं. प्रत्येकाच्या मागच्या अंगाला, तळवा टेकतो तिथे, लाकूड काळं आणि मऊ झालं होतं. त्या जागी तिने तेल चोळलं नाही.

"अरे देवा," शनिवारी सकाळी टोपी हातात घेऊन मेजापाशी उभा राहिलेला क्लिफ म्हणाला. क्लिफ विल्फच्याच वयाचा, बुटका, भुवयांमध्ये कायम भुसा. नॉर्मन हेग त्यांच्याहून पुष्कळ लहान, चाळिशीतला, लांबलचक आणि हसरा. त्याने एक रंधा उचलून डोळ्यापाशी धरला आणि शीळ घातली. "मिसेस ओल्डरॉइड, यांना आंघोळ घातलीत की काय?"

"घाण झाले होते," नेली म्हणाली. "का? काय झालं?"

"काही नाही. एकाचं डोकं दुसऱ्याच्या धडावर बसलंय, एवढंच."

"नॉर्मन," क्लिफ म्हणाला.

"मी आपलं सांगतोय. हा बघ, ठोकळा फुगीर गोल्याचा आणि पातं खोलगट गलत्याचं. असा लाकडावर ठेवला तर उंदरासारखा कुरतडेल."

ती खुर्चीवर बसली. क्लिफने शांतपणे समजावलं, की रंध्याचा तळ ज्या गोलाईचा, तिचंच पातं त्याला लागतं, आणि वर्षानुवर्षं दगडावर घासून घासून दोघं एकमेकांची होतात. दुसऱ्याचं पातं नंबर जुळला तरी मनापासून चालत नाही. क्लिफ समजावत होता, आणि नेलीच्या कानात एकच गोष्ट घुमत होती, की तो आवाज आपण आपल्या हाताने, भांडी धुण्याच्या पातेल्यात, पुसून टाकला. विल्फने जन्मभर सांभाळलं ते तिने एका दुपारी निकालात काढलं. "मला वाटलं, तुम्हाला बरं वाटेल," ती म्हणाली आणि तिचा आवाज चिरकला.

"अगं पोरी, रडतेस काय," क्लिफ म्हणाला. साठीच्या बाईला पोरी म्हणणारा आता तोच एक उरला होता. "माझी बायको असती तर तिने पाती चमच्यांच्या खणात लावून ठेवली असती. नॉर्मन, कोट काढ. आज स्थळं जुळवायची आहेत."

मग दोघं स्थळं जुळवत बसले. एकेक पातं उपसायचं, उजेडाकडे धरून त्याची गोलाई तळाला लावून बघायची, नाही म्हणायचं, पुढच्याला लावायची. नॉर्मनची तोंडाची टकळी चालू होती. "हिचं नाक वाकडं, हा म्हणतो मला नको." "ही घरंदाज दिसते, त्या जाड्याला देऊ या." "हे दोघं शुक्रवारपर्यंत एकत्र होते, बघा कसे लाजताहेत." नेलीने पार्किन, आपला आल्याचा केक, कापून दिला, चहा दिला, पुन्हा चहा दिला. हळूहळू मेजाच्या उजवीकडे जुळलेल्यांची रांग लागायला लागली. हवापाण्याच्या गप्पा झाल्या, लीड्सच्या संघाने केलेला बट्ट्याबोळ झाला. विल्फ कसा एखाद्या कामाला दिवसभर नाही म्हणायचा आणि संध्याकाळी तेच करून ठेवायचा, तेही झालं. घरात विल्फचं नाव इतक्या सहज कुणी घेतलं नव्हतं. आणि मग नेलीने मनाचा हिय्या केला.

"मलाही एक हवाय," ती म्हणाली.

"हवा तो घे की. हे काय विचारणं झालं? कुठला?"

"तेच तर माहीत नाही. मी त्याला बघितलेलं नाही. ऐकलंय नुसतं."

नॉर्मन हसला, आणि क्लिफ हसला नाही म्हणून थांबला. नेलीने सांगितलं, की खालून आवाज यायचा, आणि तिला तो आवाज ओळखू येईल, पण इथे स्वयंपाकघरात नाही, रंधा खाली सुताराच्या मेजावर चालला पाहिजे आणि तिने वर उभं राहिलं पाहिजे. आपण वेड्यासारखं बोलतो आहोत हे तिला कळत होतं. पण क्लिफने जुळलेले रंधे एका पेटीत भरायला सुरुवातही केली होती. "तू वर थांब," तो म्हणाला. "आम्ही एकेक चालवतो. तोच वाटला तर ठोक." नेलीने झाडू घेतला आणि मोरीपाशी, तिच्या नेहमीच्या जागी, फळीवर पाय रोवून उभी राहिली.

पहिला चालला. आखूड आखूड हात, मग वाढत वाढत लांब. हा नव्हे. दुसरा जरा भरड. हाही नव्हे. मध्येच एक असा किंचाळला की नेलीने कान झाकले, आणि खालून क्लिफचं ओरडणं आलं, "अरे कलता धर, कलता! तोंडावर रेघा कशासाठी कोरल्यात? शोभेसाठी?" मग नॉर्मनचं पुटपुटणं, मग तोच रंधा गुळगुळीत चालला, पण हाही नव्हे. मोरीच्या वरची खिडकी वाफेने धूसर झाली होती. नेली डोळे मिटून उभी होती. एखाद्या आवाजाने तिला विल्फची कामाची संध्याकाळ आठवायची, कुणाच्या तरी जिन्याची, कुणाच्या कपाटाची, आणि झाडूवरचा हात उचलायचा, पण उचलून पुन्हा खाली यायचा. पेटीतला शेवटचा रंधा झाला. खाली सगळं शांत झालं. ती झाडू तिथेच ठेवून जिन्यात गेली.

"नाही," ती वरून म्हणाली. "मीच घालवला तो. माझ्या त्या रॉकेलने."

"पाती जुळली आहेत, नेली. दोनचार सोडली तर सगळी."

"मग तो त्या दोनचारांतला."

क्लिफ मेजाला टेकून उभा होता. पायाशी ताज्या सुरळ्यांचा ढीग झाला होता, आणि तळघराला पुन्हा पाइनचा वास येत होता. "आवाज कसा होता ते सांग बघू," तो म्हणाला. "नीट सांग."

नेली खाली उतरली. तिने सांगितलं. लांब, नुसता लांब, आखूड हात नाहीतच. एकामागून एक. आणि मऊ, यातल्या कुठल्याही रंध्यापेक्षा मऊ. आणि मग, इतकं सांगितलंच आहे तर हेही सांगून टाकावं म्हणून, तिने टोपलीचं सांगितलं. "दुसऱ्या दिवशी सुरळ्या नसायच्या. तासन्‌तास चालायचं, आणि सुरळी एक नाही. मी काही मूर्ख नाही, क्लिफ. त्याला वर यायचं नसायचं."

क्लिफने टोपी काढली, तिच्यात पाहिलं, पुन्हा घातली. नॉर्मनने खिडकीबाहेर लक्ष असल्यासारखं केलं. "त्याने मला हे सांगू नकोस म्हणून सांगितलं नव्हतं," क्लिफ म्हणाला, "तेव्हा सांगायला हरकत नसावी. एकदा तो कामावर आला तो खांदा धरून. मी म्हटलं, काय रे, रात्री राजवाडा बांधत होतास काय? तो म्हणाला, काम केव्हाच संपलं होतं. पण मी थांबलो की ती थांबते. मी म्हटलं, कोण थांबते? तर म्हणाला, नेली. गाते ती."

नेलीने मान वर करून स्वयंपाकघराच्या फळ्यांकडे पाहिलं.

"एवढंच बोलला, आणि मग कानापर्यंत लाल झाला आणि दिवसभर माझ्याशी बोलला नाही. तुला माहितीये कसा होता ते. पण सुरळ्या नव्हत्या म्हणतेस ना, बरोबर आहे. नक्षी पुरती उतरली की रंधा कापायचा आपोआप थांबतो. मग तो झालेल्या पट्टीवरूनच फिरवायचा असेल. पातं मागे ओढून. रिकामाच."

तळघराच्या खिडकीतून पाऊस ऐकू येत होता. नेलीच्या मनात आधी आला तो संताप. "मग मला सांगायला काय झालं होतं त्याला?" ती ओरडलीच. "तोंड नव्हतं? एवढी वर्षं मी वर बसून काय काय मनात आणलं, आणि हा इथे—"

"सांगितलं असतं तर गायली असतीस?" क्लिफने विचारलं.

ती गायली नसती. त्याच क्षणापासून तिने ओठ मिटले असते आणि मरेपर्यंत उघडले नसते, हे विल्फला माहीत होतं आणि तिलाही होतं. तिने सुताराच्या मेजाचा काठ धरला. मिस्टर आर्मिटेजनी ज्या आवाजाला नुसते ओठ हलव म्हटलं होतं, तो ऐकायला एक माणूस दुखऱ्या खांद्याने थंडीत उभा होता, रंधा पुढे मागे करत, आणि आपण वर किटली खाली उतरवून ठेवत त्याला बोल लावत होतो. मग तिची नजर खिडकीकडे गेली, टेकूला ठोकलेल्या त्या पट्टीकडे, आणि ती म्हणाली, "ती काढ."

नॉर्मनने पट्टी काढली. खिडकी धाडकन बंद झाली. क्लिफने पट्टी उजेडात धरली आणि तिच्यावरून अंगठा फिरवला. साधं पाइनचं लाकूड, साधी नक्षी, एक गोला आणि त्याच्या कुशीत एक गलता, पण अंगावर असा तुकतुकीतपणा की ती पॉलिश केली आहे असं कुणीही म्हणावं. "याला पॉलिश नाही," क्लिफ म्हणाला. "हे रंध्याने घासून घासून झालंय. किती वर्षं लागली असतील, देव जाणे." त्याने पेटीतला एकेक रंधा त्या पट्टीवर ठेवून पाहिला. बरेचसे डगमगले. एक मात्र बसला तो असा बसला, की उचलताना पट्टीच त्याच्याबरोबर उठेल असं वाटलं. मघाशी चालवलेल्यांतलाच होता तो, छोटासा, नजरेत न भरणारा. त्याच्या तोंडावर तीन नावं होती आणि तिसरं विल्फचं होतं.

"पण याचं पातं खरं की खोटं?" नेलीने विचारलं. "माझ्यामुळे बदललं असेल तर?"

"असेल किंवा नसेल. याला पात्याशी कर्तव्यच नाही. रॉकेल काय, तू याला आंबवून ठेवलंस तरी याचं काही बिघडत नाही."

"नाव ठोकू का खाली?" नॉर्मनने खिशातून ठसा काढत विचारलं. "तुमचं करून आणतो, मिसेस ओल्डरॉइड. सोमवारी देतो."

"नको," नेली म्हणाली. "त्याचं शेवटचं राहू दे." आणि मग, पायऱ्यांकडे वळत, "क्लिफ, जरा चालव. मला वरून ऐकायचंय."

ती वर आली. चहाचे कप तसेच पडले होते, पार्किनचे कण, वर्तमानपत्रावर तेलाचे डाग. तिने झाडू उचलला आणि मोरीपाशी उभी राहिली. खाली पाचरीवर मोगरीचा एक हलका ठोका पडला, पातं मागे गेलं असावं. आणि पायांखालून आवाज सुरू झाला. लांब, मऊ, या टोकापासून त्या टोकापर्यंत. परत. लांब. तोच होता. नेलीने झाडूचा दांडा उचलला, ठोकायला. ठोकलं की खाली कळेल, हाच तो. ठोकलं की क्लिफ थांबेल, आणि मग जिन्यात पावलं वाजतील, आणि ती क्लिफची असतील. तिने दांडा तसाच हातात धरून ठेवला. लांब, पुन्हा लांब. खालून नॉर्मनचा आवाज आला, "बाईंना ऐकू येत नाही की काय?" आणि क्लिफचा, "तू गप्प बस रे." रंधा चालूच होता.

तिने झाडू भिंतीला नीट टेकवून ठेवला. नळ सोडला, कप मोरीत घेतले, आणि तोंड उघडलं. पहिला सूर घोगरा निघाला, दुसरा मिस्टर आर्मिटेजना नेहमी खुपायचा तसाच वर चढून भरकटला. उंच जागेवर येताना सवयीने तिने कान खाली लावला आणि शब्द मध्येच तोडला. खालचा आवाज थांबला नाही. मग नेलीने कप खाली ठेवला आणि ती ओळ पुन्हा पहिल्यापासून घेतली.